पसरायला जागा

"पसरायला जागा नसली की निवडायला वेळ लागतो, बाई. मशीनवर कशाला चिडतीस?"

कुसुमआक्कांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. जरा घोगरा, गालात सुपारी धरून बोलणाऱ्या बाईचा. आमच्या तालुक्याच्या दूध संघात संगणक विभागाच्या त्या प्रमुख. संघानं पहिला संगणक घेतला तेव्हा दुधाच्या पावत्या टाईप करायला म्हणून लागल्या आणि मशीनं बदलत गेली तशी नवी विद्या शिकत विभागाच्या खुर्चीवर आल्या. मी त्यांच्या हाताखाली नवीन होते. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

ती गुरुवारची सकाळ. शीतगृहाला लागून आमची खोली, तिथं भिंतीलासुद्धा दुधाचा वास. कोपऱ्यात सर्व्हर घरघरत होता. मी कामावर आल्या आल्या त्याला एक प्रश्न घातला होता, चहा येऊन गेला तरी उत्तर नव्हतं. पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं.

"एवढं काय विचारलंस त्याला?" आक्कांनी खुर्ची जवळ ओढली.

"सगळ्या गावांचं, सगळ्या सभासदांचं दूध. आठ वर्षांचं. करंजेवाडीपासून सुरू करून, कुणाचं कधी पातळ झालं ते."

"आणि हे कुणी मागितलंय? इनामदार साहेबांनी?"

आक्कांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

"करंजेवाडीचा सेक्रेटरी तुझा कोण लागतो?"

संघात मी वृषाली खोत होते. चौगुले हे माहेरचं नाव कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण आक्कांपुढं मला खोटं बोलता आलं नाही.

"वडील," मी म्हणाले.

करंजेवाडी म्हणजे घाटाच्या तोंडाशी वसलेलं माझं माहेर. आप्पा, म्हणजे यशवंत चौगुले, तिथल्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी. माझ्या जन्माआधीपासून ते रोज दोन्ही वेळेला गावाचं दूध मोजत आले. त्या महिन्यात संघाच्या तपासणीत त्यांच्याच घरचं दूध लागोपाठ नापास झालं आणि आप्पांना नोटीस गेली. फॅट कमी, एसएनएफ कमी. एसएनएफ म्हणजे लोणी सोडून दुधातलं बाकीचं सत्त्व. दोन्ही उतरली की पहिला संशय पाण्याचा. जिथं सेक्रेटरीच पाणी घालतो तिथं बाकीच्यांचं काय, असा हिशेब लावून शनिवारी दुपारच्या बैठकीत सोसायटीचं संकलन थांबवायचं आणि आप्पांना काढायचं ठरत आलं होतं. तोवर कुणी उलट पुरावा आणला तरच ते टळणार होतं.

"ते काय म्हणतात?" आक्कांनी विचारलं.

"तेच तर. काहीच म्हणत नाहीत."

बुधवारी मी फोन केला होता. आप्पा म्हणाले होते, "सोसायटी बंद करू नका म्हणावं. गावाचा काय गुन्हा न्हाई. मला काढा."

"आप्पा, तुम्ही पाणी घातलंय का?"

फोनवर नुसता गोठ्यातला आवाज आला. रेडकू हंबरलं. मग आप्पा म्हणाले, "कामाच्या येळेला फोन करू नगंस, बाळ."

मी घातलं नाही, एवढे तीन शब्द. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या मापातलं बोटभर दूध इकडचं तिकडं केलं नाही, त्याच्या तोंडून ते निघेनात. रात्रभर तेच माझ्या उशाशी बसून होतं.

आक्कांनी ऐकून घेतलं. मग पडद्याकडं बघत म्हणाल्या, "मशीनच्या डोक्यात मावतं तेवढं ते डोक्यात निवडतं. मावलं न्हाई की उरलेलं डिस्कवर काढून ठेवतं, परत उचलतं, परत ठेवतं. तुझ्या आईच्या घरात तांदळाचं पोतं आलं तर ती काय करती?"

"अंगणात ओतते. पसरते. मग निवडते."

"आणि अंगणात कडबा रचलेला असला तर?"

"सूपसूप घेऊन बसते."

"किती वेळ लागतो?"

"दिवस मोडतो."

"हं. आपली डिस्क गळ्यापर्यंत भरलीय. आठ वर्षांचं दूध, बिलं, पशुखाद्याच्या पोत्यांची विक्री, सगळं एकाच घरात. अंगण राहिलंच न्हाई. आणि तू तर आख्खं कोठार एकदम ओतलंस."

बोलता बोलता त्यांचा हात की-बोर्डकडं गेला, पण उशीर झाला होता. पलीकडच्या संकलन कक्षातून आरडाओरड ऐकू आली. तिथले पडदे थिजले होते. दुधाची नोंद घेईना, टँकर रिकामा करता येईना, फाटकापर्यंत गाड्यांची रांग लागली. माझ्या प्रश्नानं डिस्कवरची उरलीसुरली जागाही खाऊन टाकली होती.

गुणनियंत्रणाचे इनामदार साहेब दारात आले. पांढरा कोट, बाहीवर दुधाचे शिंतोडे.

"कुसुमताई, काय मांडलंय आज?"

"आवरतेय साहेब," आक्का म्हणाल्या आणि माझा प्रश्न मारून टाकला. सर्व्हरची घरघर हळूहळू खाली बसली. पलीकडं नोंदी पुन्हा सुरू झाल्या.

इनामदार गेले नाहीत. त्यांनी पडद्यावर उरलेल्या ओळी वाचल्या, मग माझ्याकडं बघितलं. "करंजेवाडी?"

आक्काच बोलल्या. "तिचे वडील आहेत साहेब. तुमच्यापासून लपवून करायचं न्हाई. पण तिला बघू दे."

इनामदार वाईट माणूस नव्हते. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "मला काय आनंद आहे का? पण लॅक्टोमीटरला नाती कळत नाहीत, पोरी. आणि जागाच नसेल तर जुनी वर्षं काढून टाका ना. कुणाला लागतात?"

"ज्याच्यावर आळ येतो त्याला लागतात," आक्का म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा परत चढवला. जाताना एवढंच म्हणाले, "संकलन पुन्हा अडकता कामा नये. आणि शनिवारी बाराला बैठक आहे."

संध्याकाळी मी घरी फोन लावला. आप्पा सोसायटीत होते. फोन आईनं घेतला. शेवंता तिचं नाव, पण गावात तिला सगळे सेक्रेटरीणबाई म्हणतात.

"म्हशी बऱ्या आहेत का गं?" मी सहज विचारावं तसं विचारलं.

"कशाच्या बऱ्या. नवी पेंड आल्यापास्नं तोंड वाकडं. हुंगत्यात आणि बाजूला हुत्यात. उपाशी ठेवावं तवा चार घास खात्यात."

"नवी म्हणजे?"

"संघाचीच की. आवंदा दुसरीकडनं आणलीया म्हणं. तुझ्या वडलांनी पहिलं पोतं आपल्या गोठ्यात फोडलं."

ही करंजेवाडीची रीत. नवं खाद्य आलं की सेक्रेटरीनं आधी आपल्या दावणीला घालायचं. त्याच्या जनावरानं खाल्लं, पचवलं, मगच गाव पोतं उचलतं. आप्पांच्या आधीच्या सेक्रेटरीनं तेच केलं होतं, त्याच्या आधीच्यानंही.

माझ्या हातातला फोन गरम झाला होता. "आई, आप्पा काय बोलतात का तुझ्याशी? नोटिशीबद्दल?"

"न्हाई बोलत," ती म्हणाली. "बोलतील." आणि धारेची वेळ झाली म्हणून तिनं फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी मी आक्कांना पोत्यांचं सांगितलं. त्यांनी टेबलावर बोटं वाजवली.

"म्हणजे प्रश्नच वेगळा झाला. कुणाचं दूध पातळ झालं हे न्हाई विचारायचं. ती पेंड ज्यांच्याकडं गेली त्यांचं झालं का, आणि ज्यांच्याकडं न्हाई गेली त्यांचं न्हाई झालं का, हे विचारायचं."

"आणि याच महिन्यात मागच्या वर्षांत त्यांचं कसं होतं, तेही. म्हणजे हवामानाचं खापर फुटायला नको."

"मग आलंच की परत आठ वर्षांचं."

मी पुन्हा प्रश्न लिहायला घेतला. आक्का माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"हे सभासदाचं नाव कशाला घेतलंस? बापाचं नाव, बँकेचा खाता नंबर, टँकरचा ड्रायव्हर?"

"सगळं घेतलं की नंतर सोपं जातं म्हणून..."

"सगळं घर कशाला बाहेर काढतीस? जे निवडायचंय तेवढंच सुपात घे. सभासदाचा नंबर, तारीख, एसएनएफ. बस. आणि सगळी गावं एकदम नको. एकेका टँकरच्या वाटेवरची गावं घे, उत्तर आलं की बाजूला ठेव, पसारा झाडून टाक, मग पुढची वाट."

तरीसुद्धा पहिल्याच वाटेला मशीन रखडलं. घरघर वाढली. पडद्यावर पुन्हा तेच चाक. आक्का उठून उभ्या राहिल्या, दार लोटून घेतलं.

"एक दाखवते. कुणाजवळ बोलू नकोस."

त्यांनी डिस्कवरची एक फाईल उघडली. मोठी थोरली फाईल, आत काहीच नव्हतं. नुसती शून्यं.

"ही काय?"

"पाहुण्याची जागा. सर्व्हर आला त्याच दिवशी अडवून ठेवली मी. रिकामी ठेवली असती तर कुणीतरी भरली असती. म्हणून भरलेली दिसेल असं केलं. दर दहा दिवसांनी शेतकऱ्यांची बिलं निघतात, त्या दिवशी डिस्क अडली तर ही पुसायची आणि वेळ मारून न्यायची. आजवर पुसायची पाळी आली न्हाई."

"आक्का, पुढचं बिल सोमवारी आहे."

"ठाऊक हाय मला."

"आणि सोमवारी अडलं तर?"

"तर लोक मला शिव्या घालतील. ऐकीन. तुझ्या बापासारखी गप बसणारी न्हाई मी, उलटून चार देईन." त्या हसल्या आणि फाईल पुसून टाकली.

किती हलक्या हातानं. वर्षानुवर्षं राखलेलं अंगण, कुणाच्या तरी लेकीला रास ओतायला दिलं.

मग मशीन चाललं. धावलं नाही, पण चाललं. घरघर होती, पण आता जात्यात दाणा पडल्यासारखी, एका लयीत. एक वाट झाली की मी उत्तर बाजूला ठेवायची, पसारा पुसायची, पुढची वाट घालायची. संकलनाच्या वेळेला थांबायचं, गाड्या गेल्या की पुन्हा बसायचं. मधल्या वेळात आक्का गालातल्या सुपारीसकट गुणगुणत राहिल्या:

अंगण माझं थोडं, रास दाराशी मावंना
निवडाया बसले बाई, खडा हाताला घावंना

"कुणाची ओवी?" मी विचारलं.

"माझीच. आत्ताच. या मशीनवर जन्म गेला, त्याच्यावर एक तरी ओवी नको?"

चार वाजायच्या सुमाराला करंजेवाडीची वाट आली. मी पडद्याकडं बघायचं टाळत होते. आक्कांनी माझी हनुवटी धरून मान वळवली.

ओळीमागून ओळ उतरत होती. ज्यांच्याकडं नवी पेंड गेली नव्हती त्यांचं दूध जसंच्या तसं, मागच्या वर्षांसारखं. ज्यांच्याकडं गेली होती त्यांचं, पोतं उचललं त्या आठवड्यापासून, उतरत गेलेलं. करंजेवाडीत, तिच्या पलीकडच्या वाडीत, दुसऱ्या टोकाच्या, कधी नाव न ऐकलेल्या गावांत. बहुतेकांचं अजून नापास व्हायच्या रेघेच्या वर होतं, म्हणून कुणाच्या डोळ्यावर आलं नव्हतं. सगळ्यात आधी आणि सगळ्यात खाली उतरलेला एक नंबर होता. तो मला लहानपणापासून पाठ होता. आमच्या घरच्या चरवीवर रंगानं लिहिलेला असायचा.

सगळ्यात आधी, कारण पहिलं पोतं त्यानं फोडलं होतं.

मी पदर डोळ्याला लावला. त्या एवढ्या नंबरांमध्ये आप्पांचा नंबर उभा होता, आणि त्याच्या मागं पुढं माणसंच माणसं होती. एकटे नव्हते ते.

"रड, पण की-बोर्डवर नको," आक्का म्हणाल्या. "आधीच एक बटण चिकटतंय."

शनिवारी बैठकीआधी इनामदार साहेबांनी ते कागद उभ्यानंच वाचायला घेतले, मग बसून वाचले. दोनदा मागं जाऊन बघितलं. पोत्याचा नमुना त्यांनी आमच्यासमोरच तपासणीला पाठवला, पेंडेचं वाटप थांबवायला सांगितलं. आत बैठक फार वेळ चालली नाही. बाहेर आल्यावर साहेब माझ्यापाशी थांबले.

"नोटीस मागं घेतलीय. संकलन चालू राहील. मी स्वतः येईन सोमवारी करंजेवाडीला." मग जरा घुटमळून म्हणाले, "पण एक सांग. त्यांनी एकदा तरी म्हणायचं होतं, मी नाही घातलं म्हणून. मी थांबलो असतो."

तोच प्रश्न घेऊन मी दुपारच्या एसटीत बसले.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आप्पा गोठ्याच्या पायरीवर बसले होते, खांदे पाडून. आई आत म्हशीच्या पुढ्यात हिरवा चारा टाकत होती. मी जाऊन आप्पांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. पेंडेचं, पलीकडच्या गावांचं, नोटिशीचं. पाणी नव्हतंच, आप्पा. कुणीच घातलं नव्हतं.

आप्पा गोठ्यात आईकडं बघत होते. मला वाटलं, ऐकलं नाही की काय.

"कुणीच न्हाई?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"आपल्या घरातबी न्हाई?"

"आपल्या घरात कोण घालणार आहे, आप्पा?"

त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. आई आता धारेला बसली होती, आमच्याकडं पाठ करून. चरवीच्या तळाशी पहिली धार वाजली. आप्पा उठले, गोठ्याच्या दारापर्यंत गेले, चौकटीला हात लावून उभे राहिले. मी मागं आहे हे ते विसरले असावेत.

"अगं," ते म्हणाले.

"काय हो."

"नोटीस यायच्या आधी एकदा पहाटं मी हितं आलो हुतो. तू चरवीवर पाण्याचा तांब्या धरला हुतास."

धार थांबली नाही. "मग?"

"मी तसाच मागं फिरलो."

"रिकामी चरवी विसळत हुते मी. विसळलेलं पाणी म्हशीच्या घमेल्यात जातं. जल्मभर तसंच करत आले."

"ते मला ठावं हाय. पर त्या दिवशी मला पाणी तेवढं दिसलं. मग दूध नापास झालं, आणि मला वाटलं..." आप्पांनी चौकट घट्ट धरली. "वाटलं, काय अडचण पडली असंल तुला, मला सांगता आली नसंल. मी न्हाई घातलं, असं म्हणालो असतो तर पुढचा सवाल तुझ्यावर आला असता. म्हणून काय बोललोच न्हाई कुणाला."

"मला तरी इचारायचं."

"तुला इचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. त्याचंच भ्या वाटलं मला."

आता मात्र धार थांबली. म्हशीनं मान वळवून बघितलं. आईनं ओले हात लुगड्याला पुसले, पण ती वळली नाही.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुमी पहाटं आला हुता ते. पावलं ऐकली मी. आणि तवापास्नं माझ्या हातचा चहा घेताना तुमी खाली बघाय लागला." तिनं चरवी जरा बाजूला सरकवली. "म्हणून त्या दिवसापास्नं मी चरवी हितं आत विसळत न्हाई. पायरीवर बसून विसळते, तुमच्या म्होरं. तुमी बघावं म्हणून. तर तुमी रोज दुसरीकडं त्वांड फिरवत हुता."

आप्पा चौकट धरून उभेच होते.

"इचारलं असतंत," आई म्हणाली, "तर रागावले नसते मी."